क्लेमंटचा चांगला दिवस

"चादर परत धुतलीस?"

"नाही धुतली तर काय, तशीच ओली घालू क्लेमंटला? पिळली तर बादलीत घाम पडत होता."

"धू, पण पुढच्या दोरीवर कशाला घालतेस? रस्त्यावरून दिसते. लोक विचारतात, बिसुनभाई, घरी कोण आजारी आहे?"

"मग सांगायचं, कोण आजारी आहे ते."

"कोणी आजारी नाहीये." बिसुन देवने चहाचा मग ओट्यावर आपटला. "डेंग्यू होता, गेला. सकाळी ताटभर रोट्या खाल्ल्या त्याने, तूच वाढल्यास. आता मैदानावर पळतोय. आजारी माणूस पळतो का?"

"पळतोय तो आज. काल खाटेसकट भिंतीवर आपटत होता. भर उन्हात घरातली सगळी पांघरुणं घातली अंगावर, तरी थंडी वाजते म्हणत होता. परवा बरा होता. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा ताप. हा कुठला डेंग्यू, एक दिवस आड सुट्टी घेणारा?"

"तुझं काय, तू पीठ मळतानासुद्धा घाबरतेस," बिसुन म्हणाला आणि क्लबची पिशवी उचलून निघून गेला.

यात खोटं काही नव्हतं. फिजीतल्या वाइनिमाका गावच्या त्या रस्त्यावर बिसुनच्या बायकोची, सलोचनाची भीती सगळ्यांच्या ओळखीची होती. गॅसची शेगडी बंद केली की नाही हे बघायला ती बसस्टॉपवरून परत यायची. डिसेंबर लागला की तुफानाच्या धास्तीने छपराचे पत्रे दोराने बांधून घ्यायची आणि एप्रिल सरेपर्यंत तो दोर कुणाला सोडू द्यायची नाही. ज्या वर्षी राजधानीत, सुव्यात, सरकार उलथलं आणि गावातली दुकानं फुटली, त्या वर्षी तिने महिनाभर पितळेची भांडी कोंबड्यांच्या खुराड्यात लपवून ठेवली होती. मुलगा अविनेश ब्रिस्बेनला गेला तेव्हा विमान पोचल्याचा फोन येईपर्यंत तिने पाणीदेखील घेतलं नाही. बायका हसायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन पुन्हा शेगडी बघायची.

अविनेशची खोली रिकामी झाली आणि क्लबने ती मागितली. गावचा क्लब लहान, पण फुटबॉलचं वेड मोठं. आपली चांगली पोरं ऑकलंड-ब्रिस्बेनला निघून जातात, मग बाहेरून आणायची. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक रियाझभाई क्लबचे अध्यक्ष. ते गल्ल्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. सॉलोमन बेटांवरच्या होनिआरात चिखलाच्या मैदानावर कुणी अनवाणी पोरगा तिघांना चकवून गोल मारताना दिसला की म्हणायचे, "हा." कुणाचा तरी चुलतभाऊ त्याला ओळखत असायचा. तिकीट जायचं आणि पोरगा यायचा. उतरायचा तो सलोचनाच्या घरी, कारण बिसुन क्लबचा मॅनेजर होता. तारुण्यात तो गोलकीपर होता. उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडीच आहेत, आणि तीच दाखवून तो नव्या पोरांना शिस्त शिकवतो.

अशी किती पोरं आली आणि गेली. सॉलोमनची, वानुआतूची. त्यांना तिखट सोसत नाही, म्हणून सलोचना त्यांच्यासाठी नारळाच्या दुधात टिनचे मासे वेगळे शिजवू लागली. कसाव्याचे कंद उकडून ठेवू लागली. पोरं तिला मम्मी म्हणायची. एकजण आल्या आल्या आठवडाभर फक्त झोपला. एकजण सामन्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या क्लबच्या गाडीत बसून पळाला, बूटसुद्धा इथेच टाकून. तिला प्रत्येकाची धास्ती वाटायची. हा पाण्यात तर जाणार नाही ना, हा दारू तर पिणार नाही ना, याच्या आईला काय तोंड दाखवू. पण ती सगळी धास्ती तिच्या रोजच्या सवयीची होती. या वेळची तशी नव्हती.

क्लेमंट ओफेआ येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. उंच, शांत, हसताना तोंडावर हात धरणारा. पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल मारले आणि रियाझभाईंनी त्याच्या गळ्यात पडून सगळ्या गावादेखत डोळे पुसले. कामाच्या परवान्याचे कागद अजून सुव्याहून आले नव्हते. तो पाहुणा म्हणून आला होता आणि पाहुणा म्हणूनच खेळत होता. लहान क्लबांत हे चालतं. सगळे बघतात आणि कुणी बघत नाही.

गेल्या आठवड्यात पहिला ताप आला तेव्हा बिसुन आणि सलोचना त्याला गावच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. नर्स चांगली होती. तिने सगळं विचारलं, नाडी बघितली आणि शेवटी म्हणाली, "बाहेरच्या देशातून आलाय का हा?"

"छे," बिसुन म्हणाला. "लबासाकडचा आमचाच पोरगा. कामाला आलाय."

"बोलत का नाही?"

"लाजतो."

रंगारूपाने क्लेमंट फिजीच्याच पलीकडच्या बेटावरचा, लबासाकडचा म्हणून सहज खपला. नर्सने गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, उतरला नाही तर परत आणा म्हणाली. सलोचना बाजूला उभी होती. तिच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. पण परवाना नाही, रियाझभाईंनी बजावलंय, नवऱ्यावर केस झाली तर, असं सगळं एकदम मनात आलं आणि शब्द तोंडातच राहिले. घरी येऊन तिने शेजारची पपईची पानं कुटली आणि त्यांचा रस क्लेमंटला पाजला. इथे ताप म्हणजे डेंग्यू आणि डेंग्यू म्हणजे पपईचा रस. दुसरं कुणाला सुचत नाही. सुचायचं कारणही नाही.

त्या शुक्रवारी बिसुन पिशवी घेऊन गेला तो दुपारपर्यंत आला नाही. क्लेमंट मात्र सराव आटपून आला, अंघोळ केली आणि मागच्या ओसरीवर नारळ खवायला बसला. हे काम तो आपण होऊन करायचा. सलोचना समोर पाटावर बसली.

"क्लेमंट, खरं सांग. हे काय आहे?"

तो खवत राहिला. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "मम्मी रागावणार नाही?"

"रागावले तर काय करशील? बोल."

"मलेरिया आहे. आमच्याकडे सगळ्यांना होतो. मला लहानपणापासून किती वेळा. दवाखान्यात गोळ्या मिळतात, खाल्ल्या की जातो."

"मग इथे का नाही सांगितलंस?"

"थोड्या गोळ्या घेऊन आलो होतो. संपल्या."

"मी काय विचारतेय? सांगितलं का नाहीस?"

त्याने खवणी खाली ठेवली. "सांगितलं तर विमानात बसवतील. मागच्या वर्षी माझा चुलतभाऊ होता इथे. याच खोलीत. गुडघा मोडला त्याचा."

सलोचनाला तो आठवला. लंगडत टॅक्सीत बसला होता, हात हलवत. त्याच आठवड्यात नवा पोरगा आला होता आणि तिने तीच गादी उलटी करून त्याला घातली होती.

"घरी माझं लग्न ठरलंय," क्लेमंट म्हणाला. "मुलीकडच्यांना शिंपल्यांच्या माळा द्याव्या लागतात. खूप माळा, त्यांना पैसे लागतात. मी परत गेलो तर तिचे भाऊ थांबणार नाहीत. मम्मी, कुणाला सांगू नको. मला सवय आहे. जातो हा."

"जातो म्हणजे? गोळ्यांशिवाय जातो?"

तो नारळ पुन्हा खवू लागला.

सलोचना उठली आणि आधी अंगणात गेली. मडक्यांत, टायरात, कोंबड्यांच्या भांड्यात जिथे जिथे पाणी साचलं होतं ते तिने पालथं केलं. मलेरिया. फिजीत हा ताप नाहीच, इथल्या डासांमुळे तो पसरत नाही, हे तिने शाळेत पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं भीतीच्या वेळी कामाला येत नाही. दुसऱ्या खाटेवर वानुआतूचा सायमन झोपतो, त्याला झाला तर? शेजारच्यांना झाला तर? आरोग्य खात्याची गाडी दारात आली, धूर मारला, पेपरात घराचा फोटो आला तर? आणि या सगळ्यांच्या खाली एक भीती होती, तिच्याकडे ती बघतच नव्हती. पोरगा मेला तर.

संध्याकाळी नेहमीसारखी अंगणातल्या शेडमध्ये माणसं जमली. प्लास्टिकच्या बादलीत यांगोनाची, त्या गुंगी आणणाऱ्या मुळांची पूड फडक्यातून पिळली गेली आणि करवंटी फिरू लागली. वाइनिमाकाचा संघ मैदानावर ठरत नाही, त्या बादलीभोवती ठरतो. सलोचना तळलेल्या कसाव्याचं ताट घेऊन गेली तेव्हा रियाझभाई बोटांवर दिवस मोजत होते.

"मंगळवारी ताप आला, काल गुरुवारी आला. उद्या शनिवारी येईल. म्हणजे परवा रविवार त्याचा चांगला दिवस. अल्लाची मेहरबानी, फायनल रविवारी आहे."

कुणीतरी हसलं. बिसुन हसला नाही. करवंटीतल्या गढूळ पाण्याकडे बघत राहिला.

"रियाझभाई," सलोचना म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत असायचंय, भाभी? डेंग्यू आहे."

"एक दिवस आड येणारा?"

"ताप कसा येतो ते तापाला विचारा. तुम्ही पपईचा रस द्या, तुमच्या हाताला गुण आहे." मग त्यांनी ताटातला एक तुकडा उचलला आणि बिसुनकडे वळून आवाज खाली आणला. "होनिआराहून एक नवा व्हिडिओ आलाय. डावखुरा आहे. फायनल होऊ दे, मग बघू."

सलोचनाने ताट बादलीशेजारी ठेवलं. 

शनिवारी ताप हिशेबाप्रमाणे दुपारी यायचा होता. तो सकाळीच आला. थंडी वाजली नाही, खाट हलली नाही. क्लेमंट नुसता पडून होता, आणि हे जास्त वाईट होतं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीचा हात लागावा तसा झाला होता. सलोचनाने कपाळावर ओली पट्टी ठेवली तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं आणि "नोएला" म्हणाला, लग्न ठरलेल्या त्या मुलीचं नाव असावं. मग आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत राहिला, समजावणीच्या सुरात, जणू तीच चुकली होती.

"क्लेमंट, मी मम्मी. सलोचना."

त्याने मान हलवली. पण ते तिच्यासाठी नव्हतं.

खाटेखालची बादली रिकामी करायला तिने बाहेर आणली. लघवी कोऱ्या चहासारखी होती. काळी. ती तशीच बादली धरून उभी राहिली. सायमन दारात आला, त्याने बघितलं आणि मागे सरकला.

"मम्मी," तो हळू म्हणाला, "आमच्या गावात असं झालं की पास्टरला बोलावतात."

"प्रार्थनेला?"

"हो. शेवटच्या."

तिने बिसुनला हाक मारली. तो शेडमधून आला, उंबऱ्यावर थांबला, आत पाऊल टाकलं नाही. क्लेमंटकडे बघितलं, बादलीकडे बघितलं.

"संध्याकाळपर्यंत बघू," तो म्हणाला. "उतरेल. नाहीतर रात्री रियाझभाई एका डॉक्टरला गुपचूप..."

"गुपचूप?"

"अगं, परवाना नाही त्याचा. मीच त्या नर्सला लबासा सांगितलंय. आता सॉलोमन सांगितलं तर पहिला प्रश्न मला. पोलिस येतील घरी. क्लबवर बंदी येईल. तीस वर्षं मी या क्लबसाठी..."  त्याने वाकड्या बोटांनी चौकट धरली. "समजून घे. मला भीती वाटतेय, सलो."

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "मला तर रोज वाटते."

ती खोलीत गेली आणि बिसुनच्या शर्टांच्या थप्पीखालून क्लेमंटचा पासपोर्ट काढला. बाहेर जायचा ड्रेस घातला. पर्स घेतली. फोन उचलून टॅक्सी बोलावली आणि दारापर्यंत आत या म्हणून सांगितलं.   मग शेगडी बंद आहे का ते न बघताच बाहेर आली.

शेडमध्ये रियाझभाई आले होते, उद्याच्या शर्टांचं खोकं घेऊन. तिच्या अंगावरचा ड्रेस आणि हातातला पासपोर्ट बघून ते उठले.

"भाभी, ते इकडे द्या. घाई करू नका. एक दिवस. फक्त एक दिवसाचा प्रश्न आहे."

"त्याच्याकडे एक दिवस आहे का, ते बघून या आत जाऊन."

ते आत गेले नाहीत. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही स्वतःच्या नवऱ्याला अडकवताय?"

"कळतंय."

"आणि पोराला काय मिळणार? बरा झाला तरी विमानात बसवतील. त्यानेच तुम्हाला सांगू नका म्हटलं असेल. म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं," सलोचना म्हणाली. "तो मला कधी माफ करणार नाही, तेही माहीत आहे. जिवंत राहून माफ नाही केलं तरी चालेल."

रस्त्यावर टॅक्सी वळल्याचा आवाज आला. बिसुन उंबऱ्यावरून अंगणात आला होता. सायमन ओसरीवर उभा होता. सलोचनाने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. आवाज चढवला नाही. रोज जेवायला या म्हणून सांगते तसंच म्हणाली,

"सायमन, त्याला खांद्याला धर, गाडीत घाल. मी त्याला लौतोकाच्या मोठ्या इस्पितळात घेऊन जातेय. तिथे मी सांगणार आहे की हा सॉलोमनचा आहे, याला मलेरिया आहे, आणि लबासा आम्ही खोटं सांगितलं होतं. उद्या हा खेळणार नाही. आणि आजपासून या घरात क्लबचा खेळाडू राहणार नाही."