बरग्याची दुसरी कडी

बंधाऱ्याच्या भिंतीवर येण्याआधी तो चपला काढून ठेवायचा, देवळात आल्यासारखा. मग टेकायचा आणि म्हणायचा, "भांडाया नाही आलो, बसाया आलो."

बंधारा आमचा, बुलढाणा जिल्ह्यातला. नदी पुढे जालन्याकडे उतरते, तिथल्या पहिल्याच गावचा हा माणूस. उन्हाळ्यात त्यांची पिण्याची विहीर तळाला जायची. आम्ही बरगा, म्हणजे पाणी अडवायची लोखंडी फळी, उचलला तरच ती भरायची. आणि आमचा कांदा नेमका तेव्हाच पाण्यावर आलेला. तुम्हीच सांगा, कोण सोडील?

पण जुन्या माणसांनी ठरवून दिलेलं होतं. बरग्याच्या एका कडीला आमचा हात, दुसऱ्या कडीला त्यांचा. उचलायचा दोघांनी, बसवायचाही दोघांनी. आमच्याकडून मी, त्यांच्याकडून हा.

माणूस मोठा चिवट. एका साली मी साफ सांगितलं, कांदा निघेपर्यंत पाणी मिळायचं नाही.

"कामून?"

"काऊन म्हंजे? आमचे वावरं वाळवू का तुमच्यासाठी?"

"बसतो मग," म्हणाला, आणि बसला. मीही समोर बसलो. त्याच्याआधी उठायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. दुपारी माझ्या घरून भाकरी आली, ती त्याच्यासाठी. मला नुसता निरोप, भूक लागली तर घरी या. त्यानं निम्मी मोडून माझ्यापुढे धरली.

"खा भाऊ, तुमच्याच घरची हाय."

असा राग आला की खाऊन टाकली. उन्हं उतरल्यावर बरगा उचलला.

विहिरीत पाणी आल्याचा खालून फोन आला, तसा हाच घाईनं उठला. मी तंबाखू मळत होतो. "उठा, बसवा बरगा," म्हणे. म्हटलं, वाहू दे ना थोडं. तर म्हणाला, "नको. पुढल्या सालीबी यायचंय मला."

आता तो नाही. पाण्यावर हक्क सांगत त्याच्या गावानं अर्ज केला, मग आमच्याही गावानं केला. बुलढाण्याला बैठक झाली, जालन्याला झाली. दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याच्या पोराला मी फोन केला, ये बाबा, एक कडी धर. तो म्हणाला, "आबा, केस चालू आहे. हात लावता येत नाही." आमच्या पोरांना म्हटलं तर ती म्हणतात, "तुमाले काऊन त्याहीचा एवढा पुळका?"

यंदाचा कांदा कधीच निघाला. बंधाऱ्यातलं पाणी हिरवं पडून राहिलंय, आणि खाली टँकरपुढे हंड्यांची रांग आहे.

मी रोज भिंतीवर जातो. चपला काढतो. माझ्या बाजूची कडी ओढून पाहतो. माझं टोक जरा उचलतं, तिरपं होतं, आणि तिथंच अडकतं.