इटलीतलं अमावास्येचं स्नान

आमच्या सासूबाई तंजावूरकडच्या मराठी घरातल्या. समुद्राला हात लावायचा तो फक्त पौर्णिमा-अमावास्येला, एरवी लांबून नमस्कार, हा त्यांचा नियम. आम्ही चेन्नईला तांबरमला राहतो; तिथून बस धरून त्या जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर स्नानाला जायच्या. मी पडले नाशिकची, मला समुद्र म्हणजे भेळ खायची जागा. त्यावरून मी त्यांची बोलणीही खाल्ली आहेत.

मग त्सुनामीची ती मोठी लाट आली. त्या सकाळी पौर्णिमा होती आणि सासूबाई स्नान उरकून ओल्या साडीत कोवलमच्या स्टॉपवर उभ्या होत्या. लोकांबरोबर पळाल्या म्हणून वाचल्या. पण दर वेळी त्यांची पिशवी आणि चपला सांभाळणारी कोळीण लाटेत वाहून गेली. तेव्हापासून सासूबाई अमावास्येलाही घरच्या नळाखालीच अंघोळ करायच्या. समुद्राचं नाव काढलं की उठून आत जायच्या.

पुढे नवऱ्याला ऑफिसनं काही महिने इटलीला पाठवलं, तेव्हा आम्ही त्यांनाही नेलं. एका रविवारी मी त्यांना घेऊन डोंगरावरून समुद्राकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरले. येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, पण माझा दंड गच्च धरून.

वळणावर पाणी दिसलं आणि मी थांबलेच. तिन्ही बाजूंनी खडक आणि मध्ये अंगणाएवढा किनारा. पाणी लांबवर निळंशार, काठाशी इतकं नितळ की तळातला एकेक गोटा दिसावा. परातीतलं पाणी हलतं तेवढंच हलत होतं. पलीकडे तसाच दुसरा किनारा, त्याच्या पलीकडे तिसरा. देवानं हे एवढं कुणासाठी करून ठेवलंय, असं मनात आलं आणि मला चक्क रडू फुटलं.

सासूबाईंनी पाण्याकडे बघत एका हातानं पदर खोचला. मग म्हणाल्या, "आज अमावास्या आहे." पंचांग बघूनच निघाल्या होत्या तर, आणि मला पत्ता नाही.

माझा दंड सोडून त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात गेल्या. हात जोडून संकल्प सुरू केला. त्यात आपण कुठे स्नान करतोय ते सांगावं लागतं. तिथे त्या अडल्या. मी काठावरून त्या गावाचं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून मान हलवली.

"कोवलम," म्हणाल्या, आणि डोकं बुडवलं.

वर आल्या तेव्हा डोळे लाल होते. केस पिळत मला म्हणाल्या, "चेन्नईला गेलो की पुढच्या अमावास्येला तू ये माझ्याबरोबर. पिशवी धरायला कुणी नाही आता."