सलीमच्या ड्रमवरचा टॉवेल

मंडळी, आज सकाळी सलीमला दफन करून आलो. सलीम म्हणजे आमच्या बँडचा ड्रमर. कॉलेजच्या दिवसांत तुमच्यापैकी काहींनी आम्हाला ऐकलंही असेल.

आम्ही जॅझ-रॉक वाजवायचो. लोक म्हणायचे, पुण्याची म्हणून एक शैली आहे. सात मात्रांचा ठेका, आणि ड्रम इतके हळू की गिटारच्या तारेवरून सरकणारं बोटही ऐकू यावं. एका समीक्षकाने त्याला 'पुणेरी संयम' म्हटलं होतं. आम्ही गंभीर चेहऱ्याने माना डोलावल्या.

संयम कसला डोंबलाचा! तालीम सलीमच्या हडपसरच्या घरी चालायची आणि पडद्यामागे त्याची अम्मी अंथरुणाला खिळलेली असायची. तिला त्रास नको म्हणून तो ड्रमवर टॉवेल टाकून वाजवायचा. आम्हीही मग आवाज खाली आणायचो. तीच सवय स्टेजवर गेली आणि तिची शैली झाली.

पुढे अम्मी गेली. मला हिंजवडीत नोकरी लागली. "शनिवारी येत जाईन रे," म्हणालो होतो. बारा वर्षांत दोनदा गेलो.

आज दफनानंतर घरी गेलो, तर ड्रमवर टॉवेल तसाच. मी सलीमच्या बायकोकडे, वहिनींकडे बघितलं.

"काढू द्यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, याच्याशिवाय आपला आवाज येत नाही. दर शनिवारी ड्रम पुसून ठेवायचे, तुम्ही याल म्हणून."

तुम्ही कुणाला 'शनिवारी येतो' म्हणून ठेवलंय का?

मी आज गेलो. आज शनिवारच आहे.