देवाचा कोंबडा आणि मावशीची झोप

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमाली करतात. हमालांच्या सभांमधून ते पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि मी वाचायला शिकले ती त्याच गुलाबी-पिवळ्या कागदांवर. अन्याय दिसला की मी आधी कागद घेते, विचार नंतर करते, असं माय म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात जुन्या जालन्यातल्या आमच्या दाराखालून कुणीतरी चिठ्ठी सरकवली: "कोंबड्याचा बंदोबस्त करा." खाली नाव नव्हतं.

कोंबडा मायचा. कुंभार पिंपळगावला तिच्या माहेरी मेंढरं होती. शहरात मेंढरं कुठली, म्हणून तिनं मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. कोंबडा मात्र नवसाचा. मला टायफॉइड झाला तेव्हा तिनं तो गावच्या देवाला बोलला होता. जत्रेत तो देवापुढे कापायचा, तोवर त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. मी गोळ्यांनी बरी झाले, हे मायला मी अनेकदा सांगितलंय. पण तो पहाटे सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत थांबायचा नाही, हे मलाही मान्य करावं लागतं.

"देवाचा हाय म्हणून सांग गल्लीत," माय म्हणाली. "समदे गप बसतेत."

"देवाच्या नावानं मी कुणाला गप्प बसवणार नाही."

चिठ्ठी कोपऱ्यावरच्या धान्याच्या व्यापाऱ्याचीच, असं मी धरून चालले. त्याचं तीन मजली घर, आणि आमच्या अंगणाकडे बघून नाक मुरडायची सवय. एका बैठकीत पत्रक लिहून झालं: "आरवणं हा गुन्हा नाही!" पहाटे कोपऱ्यावरच्या दुकानापुढे ट्रक रिकामे होतात, वरातीत डीजे वाजतो, रिक्षावाले उगाच हॉर्न दाबतात. त्यांना कुणी चिठ्ठी देत नाही, कारण आवाज कुणाचा आहे ते बघूनच गल्लीचे कान दुखतात. हे वाक्य मला आजही आवडतं. झेरॉक्स काढून मी घरोघर वाटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडची मावशी पत्रक हातात घेऊन आली. ती एका दवाखान्यात रात्रपाळीला आया आहे. डोळे लाल झाले होते.

"चिठ्ठी म्या टाकल्ती," ती म्हणाली. "तुमच्याकडून कालवणाची वाटी येती, तोंडावर कसं बोलावं?"

मी तिला बसायला पाट दिला.

"तुझं समदं बराबर हाय, बाई. पण मी नऊला घरी येते. दोनपर्यंत झोपले न्हाई तर ड्युटीवर डुलकी लागती. दोनदा धरलंय मला. तिसऱ्या टायमाला घरी बसवतो म्हणले. आता सांग, मी झोपू कधी?"

माय दारात आली. "कापला असता वो, पण देवाचा हाय."

मावशीनं लगेच हात जोडले. "देवाचा व्हय? मंग ऱ्हाऊ द्या अक्का. मी कानात बोळे घालीन." आणि ती उठलीसुद्धा.

हे मला सहन झालं नाही. "माय, देवानं हिची नोकरी मागितली होती का?"

"जीभ आवर. तुझ्यासाठीच बोलले व्हते मी."

"माझ्यासाठी बोललीस ना? मग निस्तरणार मीच."

मायकडे माहेरचा उपाय होता. तिनं कोंबड्याला बुटक्या टोपलीखाली कोंडलं. मान वर करता आली नाही की आरवता येत नाही. आवाज बिलकुल बंद झाला. पण अकराच्या उन्हात तो चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, आणि टोपली मायनंच उचलली. बाहेर येताच तो आरवला. भिंतीपलीकडे मावशीची खाट कुरकुरली.

आवाज बंद करता येत नसेल तर जिथं तो कुणाला ऐकूच येणार नाही तिथं न्यायचा, असं मी ठरवलं. अशी जागा म्हणजे मोंढा.

"देवाचा कोंबडा उंबऱ्याभाईर जात नसतो," माय म्हणाली.

"कुणाला द्यायचा नाही, एवढंच बोलली होतीस. मी देत नाही. फिरवून आणते."

"पत्रकं वाचून वकील झाली," एवढंच ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी सायकल काढली. हँडलला पिशवी, पिशवीतून बाहेर त्याची मान. व्यापारी दुकानाच्या पायरीवरच उभा होता.

"काय ताई, मोर्चा कुठं चालला?"

मी सायकल थांबवली. "चिठ्ठी तुमची समजले होते, ती चूक माझी. ट्रकांचं लिहिलं ते मात्र मागे घेत नाही."

"नका घेऊ," तो हसला. "कोंबडा संभाळा, पडंल."

बाबांनी शेडच्या खांबाला सुतळीनं त्याचा पाय बांधला. तिथं सांडलेली ज्वारी भरपूर, आणि हमालांच्या आरोळ्यांत त्याचं आरवणं दोन पावलांवरही ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी बाबा त्याला घरी आणायचे. असं रोज चाललं.

एकदा परीक्षेच्या गडबडीत मी सातलाच घर सोडलं. पेपर अर्धा झाल्यावर आठवलं. सुटताच धावत घरी आले. अंगणात कोंबडा नव्हता. माय ज्वारी पाखडत बसली होती, पाय धुळीनं भरलेले.

"कोंबडा कुठं गेला?" मी ओरडले.

"हळू बोल!" मायनं सूप खाली ठेवलं. "ती झोपलीय. म्या सोडून आले त्याला मोंढ्यात, चालत."

भिंतीपलीकडून मावशीचं घोरणं ऐकू येत होतं. तिची नोकरी टिकली आहे. जत्रेत कोंबड्याचं काय करायचं, यावरून माझं आणि मायचं भांडण अजून चालू आहे आणि मी माघार घेणार नाही. फक्त ते भांडण आम्ही दोन वाजल्यानंतर करतो.