दहा मीटर मोकळी जागा

परवानगी या गोष्टीवर माझ्या थोरल्या साडूंनी जेवढं प्रेम केलं, तेवढं या शहरात कुणी कशावरही केलं असेल असं मला वाटत नाही. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत, मंजुरीच्या टेबलावर गेली. निवृत्तीच्या दिवशी खुर्ची सोडताना त्यांनी साहेबांना "उठू का?" असं विचारलं म्हणतात, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटत नाही. हॉटेलात शेजारची रिकामी खुर्ची ओढायची तर ते आधी त्या टेबलावरच्या मंडळींना विचारतात, मग वेटरला, मग गल्ल्यावरच्या मालकाला. तोवर आमचा डोसा गार झालेला असतो. एकदा भर रस्त्यात झाडाच्या सावलीत स्कूटर लावायला त्यांनी मागच्या दुकानदाराची परवानगी मागितली. तो म्हणाला, रस्ता माझा नाही. मग कुणाचा, असं विचारून साडू तिथेच उभे राहिले आणि शेवटी स्कूटर उन्हात लावून आले.

अशा माणसाचा एका सकाळी फोन आला की, घरात नेमबाजीची रेंज बांधावी म्हणतो, तुमची काही हरकत नाही ना? मी धायरीत राहतो, ते वारज्याला. त्यांच्या घरातून सुटलेला छर्रा माझ्यापर्यंत पोचण्याची मुळीच भीती नव्हती, पण हरकत नाही म्हणून टाकलं, कारण त्याशिवाय त्यांनी फोन ठेवला नसता.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. काही दिवसांपूर्वी एका लग्नात ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची आणि माझ्या थोरल्या मेव्हणीची, कॉलेजातली मैत्रीण भेटली होती. एनसीसीत हिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता, असं ती आम्हा दोघांना मठ्ठा वाढून घेता घेता सांगून गेली. दिल्लीच्या शिबिरासाठी नाव लागलं होतं, पण नेमकं त्याच आठवड्यात लग्न निघालं आणि हिची बंदूक सुटली ती सुटलीच. लग्नाची तारीख साडूंनी धरली होती. त्या आठवड्यात त्यांची रजा मंजूर झाली होती. मैत्रीण गेल्यावर त्यांच्या पानातली जिलबी तशीच राहिली. हात धुताना ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही हो." त्या वेळी मला त्यांची खरंच कणव आली.

तेव्हा रेंज ताईंसाठी होती, पण ताईंना सांगायचं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की, निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा. याआधी बोन्साय आणि बासरी होऊन गेली होती, त्यामुळे ताईंनी फार चौकशी केली नाही.

पहिली अडचण कायद्यानं केली. ठरावीक ताकदीच्या आतल्या छर्ऱ्याच्या रायफलला परवाना लागत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं. दुसरा कुणी आनंदला असता. साडूंचं तोंड उतरलं. ते तडक पोलीस चौकीत गेले, बरोबर मला घेऊन. तिथल्या साहेबांनी शांतपणे तेच सांगितलं. "मग लागत नाही असं लेखी द्या," साडू म्हणाले. अहो काका, नाही लागत म्हणजे नाही लागत, असं साहेबांनी समजावून पाहिलं. "ते तुम्ही आज म्हणताय. उद्या तुमची बदली झाली तर?" शेवटी अर्जावर पोच म्हणून एक शिक्का मिळाला, आणि साडू सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन निघावं तसे तिथून निघाले.

दुसरी अडचण घरानं केली. या खेळाला दहा मीटर सरळ मोकळी जागा लागते. त्यांच्या फ्लॅटमध्ये तेवढी सरळ रेघ एकच निघत होती: गॅलरीपासून हॉलमधून, पॅसेजमधून, मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत. त्या पॅसेजमध्ये न्हाणीघराचं दार उघडतं. साडूंनी त्यावर नियम केला की, आत जाणाऱ्यानं सांगून जावं आणि बाहेर येणाऱ्यानं विचारून यावं. फ्लॅटच्या बाहेरच्या दाराला लाल झेंडी; ती लावलेली असेतो बेल वाजवायची नाही. बंदूक अजून घरात आलीही नव्हती, तेव्हा मी एकदा हात धुवायला गेलो आणि आतून विचारलं, "येऊ का?" बाहेरून "थांबा" असं आलं. ते टेप लावून माप घेत होते. माप मनासारखं होईपर्यंत मी त्यांच्या गिझरवरच्या सूचना पाठ केल्या.

सोसायटीच्या सभेत एका सभासदांनी शंका काढली की, छर्रा आमच्या घरात आला तर? त्यावर दुसरे म्हणाले, "यांचा छर्रा आहे. बेल वाजवून येईल." ठराव मंजूर झाला. वरच्या, खालच्या आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडांना पेढे देऊन संमती घेतली. कसब्यातल्या एका तांबटाकडून छर्रे अडवायची जाड पत्र्याची तिरकी पेटी करून आणली. मागच्या भिंतीला जुन्या सतरंज्या ठोकल्या. छर्रे शिशाचे असतात म्हणून गॅलरीतल्या बेसिनपाशी साबण ठेवला, बंदुकीला कुलपाचं कपाट केलं. एक परवानगी राहिली होती म्हणावं, तर सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्याचीच.

मग एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. साडूंनी कपाट उघडलं, रायफल दोन्ही हातांवर धरून ताईंपुढे केली आणि त्या मैत्रिणीनं सांगितलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ताईंनी बंदुकीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"सगळ्यांना विचारलंत?"

"सगळ्यांना," साडू अभिमानानं म्हणाले.

"आणि मला?"

एवढं बोलून त्या आमटी उतरवायला आत गेल्या. जेवण उत्तम झालं होतं, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

त्यानंतर साडू खचले. सतरंज्या तशाच, पेटी तशीच, आणि त्या दहा मीटरमध्ये दोन माणसं एकमेकांना चुकवून वावरायची. एकदा माझ्याकडे आले आणि तिला आता कसं विचारावं, अर्ज करावा का, असं अगदी मनापासून विचारू लागले. मी म्हटलं, तोंडानं विचारा. त्यांनी विचारलं. कपाटाची किल्ली ताईंच्या हातात दिली आणि म्हणाले, तेव्हाही विचारायला हवं होतं, आताही विचारायला हवं होतं, करशील का? ताई म्हणाल्या, "बघू." सगळी नोकरी लोकांना बघू असं सांगण्यात गेलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कुणी समजावायला नको होता.

परवा संध्याकाळी वारज्याला काम होतं म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. दाराला लाल झेंडी होती, आणि साडू बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते, हातात चहाचा रिकामा कप. आतून ठक् असा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्.

मी दाराकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. दोन आठवड्यांपासून रोज या वेळेला, असं ते हलक्या आवाजात म्हणाले. कसा लागतोय नेम, मी विचारलं.

"माहीत नाही. आत जायची परवानगी नाही मला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्या पोलिसांच्या शिक्क्यानंही आला नव्हता. "बसू का?" असं मी त्यांना विचारलं. ते पायरीवर थोडे सरकले, आणि आम्ही दोघं पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो.