ताईंच्या गाडीचे दात

माझी नणंद गाड्यांची कव्हरं शिवते. लोकांना वाटतं, उशांच्या खोळी शिवतात तसलंच काहीतरी असेल. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन बघा म्हणावं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी टेबल, त्यावर जाड कापडाचे आणि मऊ फलालीनचे तागे, खडूचे तुकडे, आणि मधोमध ते काळं मशीन. ते सुरू झालं की वरच्या मजल्यावर माझ्या कपबश्या नाचतात. ज्यांच्याकडे जुन्या स्पोर्ट्स कार आहेत, हौसेने आणि मुबलक खर्च करून पुन्हा नव्यासारख्या घडवून घेतलेल्या, ती मंडळी ताईंकडे येतात. मग गाडीच्या नाकाचं माप घ्या, कमरेचं घ्या, आरशांचं घ्या. एक गृहस्थ तर आतलं कापड गाडीला टोचणार नाही ना, म्हणून ते स्वतःच्या गालावर घासून बघत होते. बायकोला एवढं जपलं असेल का, देव जाणे.

आणि ताईंची स्वतःची गाडी? तीही तसलीच जुनी, दोन सीटची, उघडी. गल्लीत उभी असते, रंग उडालेला, अंगावर पाखरांचा प्रसाद. तिला कव्हर नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी एकदा म्हटलं, "ताई, उरलेल्या कापडातून आपल्या गाडीला एक शिवून टाका की."

"कशाला? काढण्यात वेळ जातो," म्हणाल्या.

ही गाडी माझ्या सासऱ्यांनी भंगारातून उचलून आणली होती. ते बस चालवायचे. आठवडाभर ते बसचं धूड ओढायचं आणि सुट्टीला ही एवढीशी गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्याला सुटायचं, शेजारी लेक. आमच्या ह्यांना, म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाला, गाडीत बसलं की मळमळतं. त्यामुळे सासऱ्यांमागे गाडी ताईंकडे आली आणि शेजारची सीट माझ्याकडे. कव्हरं पोचवायचा टेम्पो मी चालवते, पण या गाडीच्या स्टिअरिंगवर मी कधी बसले नाही. ती जागा बापलेकीची.

स्टिअरिंग लाकडाचं होतं. उजवीकडे, जिथे अंगठा टेकतो, तिथे लाकूड झिजून खळगा पडला होता. आधी सासऱ्यांच्या अंगठ्याने, मग ताईंच्या. सासऱ्यांनी मला कधी सून म्हणून हाक मारली नाही, पोरी म्हणायचे. ते गेल्यावर भिंतीवर त्यांचा फोटो लागला, पण मला ते फोटोत दिसायचे नाहीत. जाता-येता मी त्या खळग्यात अंगठा ठेवायची आणि पुढच्या कामाला लागायची.

सुट्टीच्या सकाळी खालून हॉर्न वाजला की मी ओल्या हातांनीच पळत सुटायची. गाव मागे पडलं की ताई अशा काही गाडी पिटाळायच्या की विचारू नका. वाऱ्याने डोळ्यांत पाणी, केसांचा पार झाडू, आणि बूड रस्त्यापासून वीतभर वर. वळण आलं की ताई गिअर खाली टाकायच्या, इंजिन गुरगुरायचं आणि गाडी वळणात अशी शिरायची की माझ्या तोंडात शिव्या आणि पोटात गुदगुल्या. साठी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारी, पण त्या सीटवर बसली की वीस वर्षांची.

आणि एका चढावर, तिसरा गिअर टाकताना, कडाड् असा आवाज झाला. गाडी थांबली ती थांबलीच.

आमचे मेकॅनिक, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, त्यांनी गिअरबॉक्स उघडला आणि लोखंडाचे तुकडे ताईंच्या तळहातावर ठेवले. "ताई, दात पडले. आतली झीज एवढी आहे की आता अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागेल. पण मिळायचा कुठे? कंपनी बंद पडून जमाना झाला."

वस्तादांनी आकाशपाताळ एक केलं. कुठे मिळाला नाही. ताई मशीनवर बसायच्या, कव्हरं शिवायच्या, जेवायच्या नावाला. सुट्टीच्या सकाळी त्या खाली जाऊन उभ्या गाडीत नुसत्या बसून राहायच्या. मला खिडकीतून दिसायचं. "आणखी चार-पाच वर्षं हातपाय साथ देतील गं," एकदा म्हणाल्या, "ती अशी बसून जायला नकोत."

अशात एक दातांचे डॉक्टर कव्हर शिवून घ्यायला आले. त्यांची गाडी ट्रकवरून आली. खाली उतरवली आणि मी बघतच राहिले. हुबेहूब आमचीच गाडी, पण आमची जणू चुलीमागची आणि ही बोहल्यावरची. रंगात तोंड दिसावं, सीटचं कातडं सायीसारखं. बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये होती म्हणे. डॉक्टर बूट काढून तिच्यात शिरले.

"चालते कशी?" ताईंनी माप घेता घेता विचारलं.

"अजून चालवली नाही हो. धूळ बसेल."

मला हसू आवरेना, मी कापडाचा तागा तोंडापुढे धरला. पण डॉक्टर माणूस सरळ होता. कव्हराचं ठरलं आणि जाता जाता त्यांना गल्लीतली आमची गाडी दिसली. ते वाकले आणि स्टिअरिंगकडे बघतच राहिले.

"हे मूळचं आहे?" आवाज एकदम हळू झाला त्यांचा. "माझ्या गाडीचं मूळचं हरवलं. नवीन करून घेतलंय, उत्तम आहे, पण मला त्यात कवळी बसवल्यासारखं वाटतं. सगळ्या गाडीत तेवढीच एक खोटी वस्तू. देता का मला? म्हणाल ते देतो."

ताईंनी फार विचार केला नाही. "आमच्या गाडीचे दात पडलेत, डॉक्टर. तुमच्याकडे एखादा जादा गिअरबॉक्स असेल."

होता. कोरा करकरीत, ग्रीस लावून, खोक्यात ठेवलेला. कधी लागलाच तर म्हणून. न चालणाऱ्या गाडीला तो कधी लागणार होता, त्यांचं त्यांनाच माहीत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

"ताई, काही काय बोलताय?" मी मध्ये पडलेच. "मामंजींचा हात आहे त्यावर. दुसरं काय उरलंय त्यांचं? हे स्टिअरिंग घरातून जाणार नाही."

डॉक्टरच ओशाळले. "घाई नाही. तुमच्या वहिनींचं खरं आहे. मूळचा दात तो मूळचा, कवळी ती कवळी. मी पेशंटना हेच सांगतो."

"कवळीने का होईना," ताई म्हणाल्या, "चावता आलं पाहिजे."

अदलाबदल ठरली. त्यांची कवळी आणि गिअरबॉक्स आम्हाला, आमचं स्टिअरिंग त्यांना. त्या दिवशी मी ताईंशी बोलले नाही. ताट वाढलं, पण जरा आपटूनच.

वस्तादांनी स्टिअरिंग काढून दिलं तेव्हा ताईंनी ते टेबलावर ठेवलं, पुसलं, खळग्यात एकदा अंगठा ठेवला. मग फलालीन फाडलं आणि मशीन सुरू केलं. त्याला गोल, आतून मऊ कव्हर शिवलं, दोरी ओवली, गाठ मारली. आमच्या घरातल्या वस्तूला ताईंनी शिवलेलं ते पहिलं कव्हर. मला रडूच फुटलं. ताईंनी माझ्या हातात उरलेलं फलालीन दिलं. "नाक पूस. आता ते बसूनच राहणार आहे, त्याला कव्हर हवं."

गिअरबॉक्स बसला त्या सकाळी हॉर्न वाजला. रुसले होते, तरी पळत सुटले, काय करणार. ताईंनी दुसरा टाकला, गाव ओलांडलं, आणि तोच चढ समोर आला. माझी बोटं दाराला घट्ट. ताईंनी क्लच दाबला, मनगट वळवलं. तिसरा असा पडला, लोण्यात सुरी जावी तसा. ताई ओरडल्या, मी ओरडले, रस्त्याकडेला चरणारी शेळीसुद्धा दचकली. मग वळणांवर वळणं, गुरगुर, वारा, आणि ताई मोठमोठ्याने हसतायत. कित्येक महिन्यांत ते हसू ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या वळणावर पडला, कळलंच नाही.

डोंगराच्या माथ्यावर ताईंनी गाडी थांबवली आणि उजव्या अंगठ्याकडे बघत बसल्या.

"फार गुळगुळीत आहे गं हे. अंगठा सटकतो."

आता होतोय पश्चात्ताप, मला वाटलं. 'मी सांगत होते' हे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ताई उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडलं.

"सरक तिकडे."

"मी? चालवू?"

"मग? बाबांचा नि माझा मिळून जन्म गेला तो खळगा पडायला. हे माझ्या एकटीने कधी झिजणार?"

मी सरकले. टेम्पो हाणणारी बाई मी, पण पहिल्यांदा गाडी बंदच पाडली. दुसऱ्यांदा ती उतरणीला लागली आणि इंजिन थेट माझ्या छातीत वाजू लागलं. पहिलं वळण आलं तसं मी स्टिअरिंग जिवाच्या आकांताने आवळलं.

"अगं, झिजव म्हटलं," ताई शेजारून म्हणाल्या, "मोडू नकोस."

मी मूठ सैल केली, उजवा अंगठा त्या गुळगुळीत लाकडावर नीट टेकवला आणि तिसरा टाकला.