पाणी आणि पानी
शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, अक्षरही वाकडंच आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि ‘न’ कुठं, ‘ण’ कुठं, हे मला अजून पटकन उमगत नाही. आज शेजारून खोबरेल तेलात कढीपत्ता तडतडल्याचा वास आला आणि सानपाड्याच्या त्या नव्या बिल्डिंगचा जिना आठवला. आमच्याच भातखाचरांवर ती उभी राहिली होती, आणि मी तिथं सुकी मासळी विकायला जायची. त्या दुपारी केरळहून आलेल्या बाईच्या दारात टोपली उतरवली, तोच मुंबईची चार-पाच पोरं कठड्यावर काठ्या आपटत वर आली. बाहेरच्यांना हुडकत होती. “ए, पाणी म्हण!” एकजण माझ्यावर खेकसला. “पानी,” मी म्हणाले. आमच्या गावात तसंच म्हणतात. “बघ, यूपीवाली सापडली! चल, गाडी पकड गावची!” माझं गाव जिन्याच्या खिडकीतून दिसत होतं. काठीनं टोपली कलंडली, बोंबील पायऱ्यांवर सांडले. तेवढ्यात ती बाई पुढं आली. तिचा हात थंडगार होता, तरी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. “पाणी,” ती म्हणाली, ‘ण’ अगदी ठणठणीत. “पाणी पाहिजे? देते. ही माझी बहीण आहे.” पोरं “सॉरी हां, ताई,” म्हणत खाली उतरली. आम्ही दोघी आतून कडी घालून कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभ्या होतो. आता इथं ‘पाणी’ लिहितानाही मी आधी तिचा आवाज आठवला, मगच अक्षर काढलं.